फॅफ्सा आणि काउंटी कॉलेजचं फायनान्शियल एड ऑफिस: फॉर्मला ४ स्टार, खिडकीला २

आधी रेटिंग सांगून टाकते, घाईत असलेल्यांनी इथूनच फुटा. फॅफ्सा, म्हणजे अमेरिकन सरकारकडून कॉलेजच्या खर्चाला मदत (फेडरल एड) मागायचा फॉर्म, त्याला ४ स्टार. आमच्या कॉलेजचं फायनान्शियल एड ऑफिस २ स्टार, त्यातला एक स्टार तिथल्या एका बाईंचा आहे, त्या नसत्या तर १ च दिला असता. कॉलेजचं नाव लिहीत नाही, न्यू जर्सीत १८ काउंटी कॉलेजं (दोन वर्षांची सरकारी कॉलेजं) आहेत त्यातलं एक समजा, मला अजून तिथे तीन सेमिस्टर काढायच्यात.

माझी केस अशी की बारावी कॉमर्स, बीकॉमची दोन वर्षं, मग लग्न, मग एच ४ वर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, अमेरिकेत, मग मुलगी, आणि ग्रीन कार्ड येईपर्यंत मुलगी मिडल स्कूलला. एच ४ वर फेडरल एड मिळत नाही, ग्रीन कार्ड असलं की मिळू शकते आणि वयाची काही अट नाही, हे मला कार्ड हातात आल्यावर वर्षभराने कळलं, तेही डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये शेजारी बसलेल्या बाईकडून. आणि अजून एक गंमत म्हणजे पेल ग्रँट, म्हणजे परत न फेडायची फेडरल मदत, ज्यांच्याकडे आधीची बॅचलर्स डिग्री नाही त्यांनाच मिळते, आणि आपल्याकडची डिग्रीही त्यात धरतात. माझी मैत्रीण बीएस्सी आहे, तिला पेल नाही, फार तर लोन. मला मात्र हो. बीकॉम अर्धवट सोडलं म्हणून इतकी वर्षं घरच्यांचं ऐकलं, त्याचा पहिला फायदा असा झाला.

आता फॉर्म. लोक फॅफ्साला उगाच घाबरतात, त्यांच्या डोक्यात जुना १०८ प्रश्नांचा फॉर्म आहे. २०२४-२५ पासून फॉर्म बदलला. तेव्हा तो दरवर्षीसारखा ऑक्टोबरला न उघडता थेट ३० डिसेंबर २०२३ ला उघडला आणि देशभर बोंबाबोंब झाली ते खरंय, पण मी भरला तो २०२५-२६ चा, तोपर्यंत गाडी रुळावर आली होती. टॅक्सची माहिती तुम्ही कन्सेंट दिलात की थेट आयआरएसकडून, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याकडून येते, तुम्हाला आकडे टाइप करावे लागत नाहीत. इथे कन्सेंटला नाही म्हणू नका, नाही म्हटलं की फेडरल एड मिळतच नाही, मग बाकी फॉर्म कितीही छान भरा. मी लग्न झालेली म्हणून इंडिपेंडंट, आईवडिलांची माहिती लागली नाही, आणि आमचा टॅक्स जॉइंट असल्यामुळे नवऱ्याचं वेगळं अकाउंटही लागलं नाही. २४ च्या आतल्या, लग्न न झालेल्या मुलांना मात्र बहुतेक वेळा आईवडिलांची माहिती द्यावीच लागते, वेगळं राहतो वगैरे चालत नाही. सगळं धरून मला चहाचे दोन कप लागले. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या खेपा ज्यांनी घातल्यात त्यांना हा फॉर्म म्हणजे सुट्टीच वाटेल.

मग एक स्टार का कापला? तर फॉर्मसाठी जे ऑनलाइन अकाउंट काढावं लागतं त्यावरचं नाव. तुमचं नाव सोशल सिक्युरिटीच्या रेकॉर्डशी जुळावं लागतं, आणि आपल्या बायकांच्या नावांचा इथे जो काला होतो तो विचारू नका. माझ्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये माझं आणि नवऱ्याचं नाव एकत्र, सोशल सिक्युरिटी कार्डावर तेच उतरलंय, पण लायसन्सवर नि बँकेत फक्त माझं नाव आणि आडनाव. मी सवयीने लायसन्सवरचं टाकलं. मॅच फेल. चूक माझीच, पण नक्की काय जुळत नाहीये हे कोणी मराठीत सोडा, साध्या इंग्लिशमध्ये तरी सांगावं की नाही? म्हणून ते निळं कार्ड समोर ठेवा आणि त्यावर जसं आहे तसंच्या तसं टाका. माझ्या वेळी मॅच व्हायला एक ते तीन दिवस जात, त्यामुळे शेवटच्या रात्री बसू नका. आणि हो, फॉर्म फुकट आहे, भरून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या साइट असतात, आपली साइट स्टुडंट एड डॉट गव्ह, बाकी कोणी नाही.

दुसरी चूकही माझीच, आणि ती महागात पडली. फॅमिली साइज टॅक्सप्रमाणे ३ होता. मी बदलून ४ केला कारण त्या वेळी सासूबाई आल्या होत्या, व्हिजिटर व्हिसावर, सहा महिन्यांसाठी. आता घरात चार माणसं जेवतायत, चार ताटं मी घेतेय, तर मी चार नाही लिहिणार तर काय लिहिणार! पण नियम असा की ती व्यक्ती तुमच्याकडे राहणारी हवी आणि तिचा निम्म्याहून जास्त खर्च त्या पूर्ण अवॉर्ड वर्षात, म्हणजे जुलै ते जून, तुम्ही करणार हवा. सासूबाई ऑगस्टला परत जाणार होत्या, शिवाय त्यांची स्वतःची पेन्शन आहे, आपला खर्च मी कोणाला करू देत नाही असं त्या स्वतःच सांगतात. बहुधा ह्याच एका आकड्यामुळे मी व्हेरिफिकेशनला, म्हणजे फॉर्मच्या तपासणीला, सिलेक्ट झाले. सिलेक्ट शब्द वाचून मला आधी आनंद झाला होता.

इथून पुढे ऑफिसची कहाणी, आणि २ स्टार का ते. व्हेरिफिकेशनचा मेल मे महिन्यात आला होता, पण कॉलेजने दिलेल्या ईमेलवर, जो मी ॲडमिशनच्या दिवशी उघडला आणि नंतर विसरले. माझ्या रोजच्या जीमेलवर काही नाही, फोन नाही, पत्र नाही. जुलैत सहज पोर्टलवर गेले तर लाल अक्षरात डॉक्युमेंट मिसिंग. काम काय होतं तर एक पानाचा वर्कशीट, घरात कोण कोण, सही करा, अपलोड करा. दहा मिनिटांचं काम दोन महिने लटकलं. दर सोमवारी कॉलेजचा मेल बघायचा हे फ्रिजवर लावून ठेवलंय आता.

मग अवॉर्ड लेटर आलं. पेल शून्य. खाली लोन, पहिल्या वर्षाची सबसिडाइज्डची लिमिट ३,५०० डॉलर, ते पुढे करून बाजूला ॲक्सेप्ट आणि डिक्लाइनची बटणं. लोनला अवॉर्ड म्हणायची आयडिया ज्याची कोणाची असेल त्याला माझा नमस्कार. सबसिडाइज्ड म्हणजे तुम्ही निदान हाफ टाइम शिकताय तोवर व्याज सरकार भरतं एवढंच, मुद्दल आपलंच. मी बटण दाबायच्या बेतात होते.

पेल शून्य कारण फॉर्म दोन वर्षांपूर्वीचा टॅक्स बघतो. २०२५-२६ ला २०२३ चा टॅक्स. २०२३ मध्ये नवऱ्याची नोकरी मस्त चालली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये लेऑफ. म्हणजे फॉर्मच्या हिशोबाने आम्ही खाऊनपिऊन सुखी आणि प्रत्यक्षात मी दूध कुठल्या दुकानात स्वस्त ते बघत फिरतेय. मी खिडकीवर जाऊन हे सांगितलं तर तिथला मुलगा म्हणाला फॉर्म टॅक्सवरच चालतो, देअर इज नथिंग वी कॅन डू. पुढच्या आठवड्यात परत गेले, तेच उत्तर, फक्त मुलगा वेगळा.

तिसऱ्या वेळी लाइनमध्ये पन्नास मिनिटं उभी होते आणि खिडकीवर एक वयस्कर बाई बसल्या होत्या, चष्मा दोरीला, टेबलावर पेपरमिंटची बरणी. मी आपलं तेच रडगाणं लावलं, आणि त्यांनी मान वर न करता विचारलं, हॅज एनिवन गिव्हन यू द स्पेशल सर्कमस्टन्सेस फॉर्म? नाही म्हटल्यावर त्यांनी मागच्या मुलाकडे जे बघितलं ना, माझी आजी डाळ करपल्यावर अशी बघायची.

तर हे नीट वाचा, कारण एवढ्यासाठीच मी हे सगळं टाइप करत बसलेय. त्याला प्रोफेशनल जजमेंट म्हणतात. नोकरी गेली, पगार कमी झाला, घटस्फोट, मोठं आजारपणाचं बिल, असं काही झालं की कॉलेजचं एड ऑफिस तुमच्या फॉर्ममधले आकडे बदलू शकतं, जुन्या टॅक्सऐवजी आत्ताचं उत्पन्न धरू शकतं. कायद्याप्रमाणे कॉलेजने अशी सोय आहे हे जाहीर करायचं असतं आणि सगळ्यांनाच सरसकट नाही म्हणायचं धोरण ठेवता येत नाही. हो म्हणायचं की नाही ते मात्र त्यांच्यावर, आणि नाही म्हणाले तर वर सरकारकडे अपील नाही, म्हणून कागद पहिल्याच वेळी भक्कम द्या. मी दिलं ते: लेऑफचं पत्र तारखेसकट, शेवटचा पे स्टब, अनएम्प्लॉयमेंटची स्टेटमेंट्स, २०२५ मध्ये डिसेंबरपर्यंत अंदाजे किती येईल त्याचा हिशोब, आणि माझं एक पानाचं पत्र. पत्र पहिल्यांदा मी अडीच पानी लिहिलं होतं, त्यात माझा स्वाभिमान वगैरे होता. नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, अगं तारखा आणि रकमा लिही, बाकीचं आपण घरी बोलू. ते बरोबर होतं. आणि व्हेरिफिकेशन बाकी असेल तर आधी ते पूर्ण लागतं, म्हणजे माझे ते दोन महिने इथेही नडले.

नडले म्हणजे कसे, ऑगस्टमध्ये पेमेंटची तारीख आली, माझा कागद ऑफिसात पेंडिंग, आणि सिस्टिमने पैसे भरले नाहीत म्हणून मला सगळ्या क्लासेसमधून काढून टाकलं. न सांगता. अकाउंटिंगचा संध्याकाळचा क्लास तोवर भरलेला. एड ऑफिस म्हणे बर्सरकडे, म्हणजे फी घेणाऱ्या खिडकीकडे, जा, बर्सर म्हणे एड ऑफिसकडे जा, दोन्ही खिडक्या समोरासमोर, मधे एक कुंडी. शेवटी पेपरमिंटवाल्या बाईंनी माझ्या अकाउंटवर नोट टाकली आणि प्रोफेसरने ओव्हरराइड, म्हणजे भरलेल्या क्लासात जादा जागा, दिला म्हणून क्लास परत मिळाला. तारीख जवळ आली आणि एडचा पत्ता नसेल तर आधीच जाऊन अकाउंटवर होल्ड टाकायला सांगा, किंवा पेमेंट प्लॅन घ्या, वाट बघत बसू नका.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मंजूर झालं. त्या वर्षी पूर्ण पेल ७,३९५ डॉलर होती, पण ती पूर्ण वेळेला, म्हणजे सेमिस्टरला १२ क्रेडिट. मी १२ घेतले होते आणि तरी मला ७५ टक्क्यांनीच मिळाली. का? कारण त्यातले ३ सिरॅमिक्सचे. हौस म्हणून घेतलेला क्लास माझ्या अकाउंटिंगच्या प्रोग्राममध्ये बसत नाही, आणि एड फक्त प्रोग्रामच्या क्लासेसवर मोजतात, म्हणून माझे धरले ९. आता टक्केवारी क्रेडिटप्रमाणे चालते, ९ ला ७५, ७ ला ५८, ६ ला ५०, म्हणजे एकेका क्रेडिटने फरक पडतो. मातीचा एक वाकडा कप आणि एक पिचलेली वाटी मला केवढ्याला पडली ते मी घरी सांगितलेलं नाही. तरी ट्यूशन जाऊन थोडे उरले, ते बँकेत आले, त्यात पुस्तकं झाली.

एड मिळाल्यावर क्लास मधेच सोडू नका. आमच्यातल्या एका मुलीने पाचव्या आठवड्यात सगळे क्लासेस सोडले आणि तिला वर बिल आलं, कारण सेमिस्टरचा ६० टक्के काळ उलटायच्या आत सगळं सोडलं की पैशाचा काही भाग परत जातो.

न्यू जर्सीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. फॅफ्सा भरला की संपलं असं नाही, राज्याचं स्वतःचं अकाउंट असतं, एनजेफॅम्स, तिथे जाऊन त्यांचे जादा प्रश्न आणि टू डू लिस्ट पूर्ण करावी लागते. राज्याची कम्युनिटी कॉलेज ऑपर्च्युनिटी ग्रँट आहे, घरचा एजीआय (टॅक्स रिटर्नवरचं उत्पन्न) ६५,००० डॉलरपर्यंत असेल आणि निदान ६ क्रेडिट घेत असाल तर बाकीच्या ग्रँट लावून उरलेली ट्यूशन आणि ठरलेल्या फी ती भरते. शेजारच्या काकूंच्या मुलाला मिळाली, त्याला खिशातून फक्त पुस्तकं पडली. नवीन विद्यार्थ्यांना माझ्या वर्षी १५ सप्टेंबर ही तारीख होती. फेडरलची शेवटची तारीख पुढच्या ३० जूनपर्यंत असते, तिच्या भरवशावर राहिलात तर राज्याचे पैसे गेले.

फॉर्मला ४ स्टार कायम. ऑफिसचे २ चे ३ करायचा विचार होता, पण २०२६-२७ चा फॉर्म आता परत दोन वर्षांपूर्वीचाच टॅक्स, २०२४ चा, बघणार, आणि २०२४ मध्येही नवऱ्याची नोकरी होती. म्हणजे तेच पत्र, तीच खिडकी, परत पहिल्यापासून. पेपरमिंटवाल्या बाई कोणत्या दिवशी बसतात ते विचारून ठेवलंय, मंगळवार आणि गुरुवार. सासूबाई मे महिन्यात परत येतायत. फॅमिली साइज ३ च टाकलाय.