कोडॅक कॅरूसेल : जुना स्लाइड प्रोजेक्टर घेण्याआधी

'कॅरूसेल' म्हटलं की जत्रेतला लाकडी घोड्यांचा गोल पाळणा आठवतो, पण शब्द त्याहून जुना. इटालियन 'कारोझेल्लो', फ्रेंच 'कारूझेल' म्हणजे घोडेस्वारांच्या कसरतींचा दरबारी सोहळा. चौदाव्या लुईने १६६२ मध्ये पॅरिसला तो भरवला. तिथल्या चौकाला आजही तेच नाव आहे. पुढे घोडे लाकडाचे झाले आणि गोल फिरणाऱ्या कशालाही हा शब्द चिकटला, अगदी विमानतळावरच्या सामानाच्या पट्ट्यालाही. कोडॅकने १९६१ मध्ये तो या प्रोजेक्टरला दिला. (आधीच्या सरळ ट्रेवाल्या मॉडेलचं नाव 'कॅव्हलकेड', म्हणजे घोडेस्वारांची मिरवणूक! घोडे काही सुटत नव्हते.)

नाव शोभतं. गोल ट्रे आडवा बसतो, स्लाइड (छोट्या चौकटीत बसवलेलं पारदर्शक फिल्मचं चित्र) स्वतःच्या वजनाने खाली पडते, दाखवून झाली की दांडा तिला वर ढकलतो आणि ट्रे एक घर सरकतो. एवढी साधी रचना म्हणूनच २००४ साली उत्पादन थांबलं तरी ही यंत्रं अजून चालतात.

ट्रे ८० स्लाइडचाच घ्या. १४० च्या ट्रेची घरं अरुंद. पावसाळी दमटपणात पुठ्ठ्याची चौकट जरा फुगली की स्लाइड पडतच नाही. काचेच्या चौकटी तर त्यात बसतही नाहीत. स्लाइड भरताना पडद्याकडे तोंड करून ती सरळ धरा, मग वरची कड खाली येईल अशी फिरवून घाला. सरळ धरलेली असताना डाव्या खालच्या कोपऱ्यात टिंब काढलं, तर भरताना ते उजवीकडे वर दिसतं.

स्लाइड अडकली तर ट्रे ओढू नका. वीज बंद करून ट्रेच्या मधल्या स्क्रूच्या खाचेत नाणं घाला, फिरवा, ट्रे उचला आणि स्लाइड काढा. नंतर झाकणाची रिंग घट्ट आहे ना ते पाहून ट्रे पालथा करा आणि तळाची धातूची चकती शून्यावर खट् होईपर्यंत फिरवा. हे विसरलं की ट्रे पुन्हा बसत नाही, आणि बिघाडाचं खापर यंत्रावर फुटतं.

खरी अडचण विजेची. अमेरिकन मॉडेलला १२० व्होल्ट लागतात, बऱ्याच मॉडेलांत ३०० वॅटचा 'ईएलएच' प्रकारचा दिवा असतो. म्हणजे किमान ५०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर हवा. शिवाय अमेरिकेतल्या ६० हर्ट्झऐवजी आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर मोटर आणि पंखा सुमारे एक षष्ठांशाने मंद चालतात, उष्णता साठते. दिवा 'लो'वर ठेवा, बंद करताना आधी 'फॅन'वर आणून काही मिनिटं थंड होऊ द्या. जर्मनीत बनलेलं एस-एव्ही मॉडेल मिळालं तर ही कटकट नाही: २३० व्होल्टवर चालतं, दिवा २४ व्होल्ट २५० वॅटचा. जड आहे, पण आम्ही तेच घेऊ.

विकत घेताना नुसता दिवा लावून बघू नका. रिकामा ट्रे लावून पुढे जाण्याचं बटण ८१ वेळा (८० घरं आणि शून्य) दाबा. मध्येच अडखळला तर ग्रीस वाळलेलं असेल, ते साफ करता येतं. मोटर घरघरते पण ट्रे हलत नाही, तर प्लॅस्टिकचा गिअर तडकलेला असण्याची शक्यता जास्त. तेव्हा भाव निम्म्यावर आणा किंवा सोडून द्या.