आईच्या गळ्यातलं बटण: काउन्सिलचं की खासगी?

इंग्लंडमध्ये एकट्या राहणाऱ्या आईसाठी गळ्यातलं अलार्मचं बटण घ्यायचं, इथपर्यंत घरात सगळ्यांचं एकमत होतं. पुढे गाडी अडते: काउन्सिलचं, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेचं घ्यायचं, की खासगी कंपनीचं? आमच्याकडे आधी खासगी होतं, आता काउन्सिलचं आहे.

काउन्सिलचं म्हणजे फुकट, हा समज आधी काढून टाका. केअर ॲक्ट, २०१४ खालच्या नियमांप्रमाणे गरज ठरली की १,००० पाउंडांपर्यंतची साधनं आणि घरातले छोटे बदल फुकट मिळतात. न्हाणीघरातला धरायचा दांडा, कमोडवरची उंच सीट, वगैरे. बटण दाबल्यावर पलीकडे चोवीस तास कोणीतरी बसलेलं लागतं, त्या सेवेचे मात्र बहुतेक ठिकाणी आठवड्याच्या हिशेबाने पैसे पडतात. दर ज्या त्या काउन्सिलचा. कुठे सरसकट एकच, कुठे ऐपत बघून. ऐपत बघणार असतील तर २३,२५० पाउंडांवर बचत असणाऱ्याला सहसा पूर्ण पैसे भरावे लागतात. १४,२५० पर्यंतची बचत मोजत नाहीत आणि राहतं घरही धरत नाहीत. अटेंडन्स अलाउन्स (रोजच्या कामांत मदत लागणाऱ्या वृद्धांना मिळणारा सरकारी भत्ता) उत्पन्नात धरला तर बटणाचा खर्च अपंगत्वापायी होणारा खर्च म्हणून वजा करून मागता येतो. फॉर्मवरचा तो रकाना लोक सर्रास कोरा सोडतात. तुम्ही सोडू नका.

खासगीत ही कटकट नाही. फोन केला, खोकं पोस्टाने आलं, आईने गळ्यात घातलं. पैशांतही मला फारसा फरक वाटला नाही. जुनं दुखणं असल्याचं लिहून दिलं की दोन्हीकडे व्हॅट माफ होतो. नुसतं वय पुरत नाही.

पडल्यावर आपोआप वाजणारं बटण घ्याल तर एक गंमत सांगून ठेवतो. आई देवापुढे वाकली की सेवाकेंद्रातली बाई घरातल्या स्पीकरमधून विचारायची, ‘आर यू ऑल राइट?’ आणि आई मराठीतच, ‘अगं हो बाई, नमस्कार करतेय!’ पण हे काउन्सिलच्या बटणालाही चुकलेलं नाही, त्यामुळे निकाल त्यावर लागला नाही.

निकाल लागला तो कीहोल्डरवर, म्हणजे वेळ पडली तर दार उघडायला येणाऱ्या माणसावर. कंपनीला जवळपास राहणारे, किल्ली असलेले दोघे हवे होते. मी दीड तासावर, शेजारी भाडेकरू, तेही सारखे बदलणारे. एका रात्री आई पलंगावरून घसरली. लागलं काही नाही, पण गुडघ्यांमुळे उठता येईना. बटण चाललं, बाई चटकन बोललीही. तिने मला फोन केला, मग शेजाऱ्यांना, ते गावाला गेलेले. मग ९९९, म्हणजे तिथला आणीबाणीचा नंबर. दुखापत नाही म्हटल्यावर ॲम्ब्युलन्सच्या रांगेत नंबर खाली. मी पोहोचलो तेव्हा आई गालिच्यावरच, पलंगाला पाठ टेकून, पाय गार पडलेले.

आमच्या काउन्सिलचं फिरतं पथक आहे. दाराबाहेर आकड्यांची किल्लीपेटी बसवली आहे, तिचा नंबर त्यांच्याकडे असतो. पुढच्या वेळी दोघं आली, हवा भरून फुगणारी गादी आईच्या खाली सरकवली, हळूहळू वर घेतलं आणि खुर्चीत बसवलं. मला फोन आला तो सगळं झाल्यावर.

मी दोन गल्ल्या पलीकडे राहत असतो, तर कदाचित खासगीच चालू ठेवलं असतं. आणि सगळ्याच काउन्सिलांकडे असं पथक नसतं. असलं तरी काही ठिकाणी त्याचा दर वेगळा. म्हणून नाव नोंदवण्याआधी एवढं विचारा: नुसतं पडलेल्या, न लागलेल्या माणसाला उचलायला तुमची माणसं येतात का, आणि रात्रीही येतात का? उत्तर ‘नाही’ असेल तर माझं पारडं हलकं झालं, खासगी घ्या. फक्त मोबाइलच्या सिमवर चालणारंच मागा, कारण जुनी बटणं ज्यावर चालतात ती तांब्याच्या तारांवरची फोनसेवा जानेवारी २०२७ पर्यंत बंद व्हायची आहे.