झिप पाहिली, झिप कोड पाहिला नाही

आकडा आधीच सांगून टाकतो, नंतर सांगायला जीभ रेटणार नाही. ९२२ डॉलर ५० सेंट, जुनं म्हणून एक नवं लेदर जॅकेट गळ्यात मारून घेतलं त्यात गेलेले. जॅकेटचे ८७५, शिपिंगचे २८.५० आणि 'विम्याचे' १९. परत पाठवण्यात गेलेले ३१.२० वेगळे. बायको अजून सगळा हिशेब रुपयांत करते, त्यामुळे आमच्या घरी या प्रकरणाचं नाव 'पाऊण लाख' असं पडलंय. "पाऊण लाख घालून बाहेर जाणार आहेस का?" वगैरे.

मी न्यू जर्सीत असतो. जुन्या लेदर जॅकेटांचा नाद चार वर्षांपासूनचा. लॅम्बर्टव्हिलच्या जुन्या बाजारात पहाटे टॉर्च घेऊन फिरणाऱ्यांपैकी मी एक. नवशिका असतो तर एवढं लागलं नसतं.

वैमानिकांचं लष्करी ए-टू जॅकेट बहुतेकांना फोटोत तरी माहीत असतं. १९३१ साली अमेरिकन सैन्याच्या हवाई विभागाने ते स्वीकारलं. नेव्हीचं जी-वन वेगळं, बोकडाच्या कातड्याचं आणि फरच्या कॉलरचं. युद्ध संपल्यावर त्याच धाटणीची जॅकेटं साध्या गिऱ्हाइकांसाठी निघाली. सिअर्स या अमेरिकन दुकानाच्या कॅटलॉगात घोड्याच्या कातड्याची जॅकेटं असायची, आणि लेबलावर 'फ्रंट क्वार्टर हॉर्सहाइड', म्हणजे घोड्याच्या पुढच्या भागाचं कातडं, असं अभिमानाने छापलेलं. मला हीच सिव्हिलियन जॅकेटं आवडतात. आणि ठग लोकांनाही हीच आवडतात, हे आता कळलं. लष्करी जॅकेटच्या लेबलावर कंत्राटाचा नंबर असतो, आणि कुठल्या नंबराचं कंत्राट कोणत्या कंपनीचं, हे हौशी लोकांनी खणून काढलेलं आहे. तो त्या जॅकेटचा सातबारा. सिव्हिलियनला सातबारा नाही. विकणारा म्हणेल ते साल.

माझा विकणारा म्हणाला १९४८. आजोबा कॅन्ससमध्ये पिकांवर औषध फवारायचं विमान चालवायचे, ते गेले, घर रिकामं करतोय. किंमत ११५०. मी घासाघीस करून ८७५ वर आणलं. तुळशीबागेत वाढलेला माणूस, त्या रात्री मी चक्क खूश होऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज: जपानमधला एक जण पूर्ण भाव द्यायला तयार आहे, पण तुमचा शब्द आधी आला म्हणून थांबलोय. फक्त वेबसाइट कमिशन कापते, तर पैसे ॲपवरून 'फ्रेंड्स अँड फॅमिली'त, म्हणजे ओळखीच्या माणसाला पाठवतात तसे पाठवा. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मलाही माहीत होतं. तरी पाठवले. जपानी लोक या जॅकेटांसाठी वेडे आहेत हे खरं असल्यामुळे ती थाप चपखल बसली.

आता ती जागा, जिच्यावरून मी रोज रात्री स्वतःला शिव्या घालतो.

त्याने अकरा फोटो पाठवले होते. सातवा लेबलाचा. मी तो मोठा करून पाहिला, पण माझं सगळं लक्ष शेजारच्या झिपच्या पुलरवर, म्हणजे ओढायच्या पट्टीवर. टॅलन या जुन्या अमेरिकन कंपनीची झिप! वायकेके या जपानी कंपनीची निघाली असती तर मी तिथेच उठलो असतो, कारण ती कंपनी अमेरिकेत आली १९६० मध्ये. टॅलन दिसली आणि गडी विरघळला. त्याच फोटोत, पुलरपासून दोन बोटांवर, लेबलाची शेवटची ओळ होती, बनवणाऱ्याच्या पत्त्याची: नेवार्क हे शहर, मग न्यू जर्सीची एन-जे ही दोन अक्षरं बिनटिंबांची, आणि पुढे ०७१०२.

झिप कोड, म्हणजे तिकडचा पिनकोड. अमेरिकेत झिप कोड सुरू झाले १ जुलै १९६३ ला. राज्याची दोन अक्षरी खूणही त्याच वर्षीची. १९४८ च्या लेबलावर फार तर 'नेवार्क ५, एन. जे.' असं असतं, विभागाचा छोटा आकडा आणि अक्षरांपुढे टिंबं. आणि मी पोटासाठी काय करतो? एका माल पोचवणाऱ्या कंपनीत पत्ते तपासणारं सॉफ्टवेअर सांभाळतो. दोन अक्षरं राज्याची, पाच आकडे झिपचे, हा नियम मी स्वतः लिहिलाय. तो फोटो मी किमान वीस वेळा पाहिला. झिप पाहिली, झिप कोड पाहिला नाही.

माझ्या बाजूने एवढंच म्हणेन, की त्या आठवड्यात वडिलांचं ऑपरेशन पुण्यात होतं आणि मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर असायचो. कारण म्हणून पटत नसेल तर राहू दे.

पार्सल आलं. उघडल्यावर डांबरगोळ्यांचा वास, आणि त्याखाली नव्या लेदरचा. खिशांच्या कडा झिजलेल्या, पण ओरखडे सगळे एकाच दिशेने, सॅंडपेपरचे. खरी झीज गळ्याच्या आतल्या बाजूला दिसते, हात जातो त्या खिशाच्या तोंडाला दिसते, काखेतल्या अस्तराला दिसते. इथे काखेतलं अस्तर नवंकोरं. विणलेले कफ कुठेही कसरीने खाल्लेले नाहीत, कारण ते ॲक्रिलिकचे. ॲक्रिलिक कसर खात नाही. शिवणीचा एक दोरा उपटून काडी लावली. सुती दोरा जळून राख होतो, कागद जळल्यासारखा वास येतो. याचा वितळून काळा मणी झाला. फोटोंत याची चाचणी होत नाही, पण काखेतल्या अस्तराचा फोटो मागता येतो. मागा. टाळाटाळ केली तर तिथेच सोडून द्या.

एका जुन्या चामडं दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने अर्ध्या मिनिटात झिप दाखवली: पुलर तेवढा खरा जुना, दाते आणि पट्टी नवी. म्हातारा म्हणाला, "शंभर-सव्वाशेचं जॅकेट आहे, थंडीत घाल." पैसे घेतले नाहीत. त्याचीच जास्त लाज वाटली.

गैरसमज नको, नक्कल म्हणजे वाईट असं मुळीच नाही. जपान आणि ब्रिटनमधले काही कारागीर नक्कल म्हणून सांगूनच जॅकेट विकतात, हजार डॉलरच्या वर घेतात, आणि त्यांचं काम तेवढ्या मोलाचं असतं. मी तर नव्या जॅकेटला जुन्याची किंमत दिली.

मग सुरू झाली वारी. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, म्हणजे व्यवहार अधिकृत. पैसे पाठवायच्या ॲपवाल्यांचं तेच वाक्य, फक्त सोबत एक हसरा चेहरा. वेबसाइट म्हणाली, व्यवहार आमच्याबाहेर झाला. पोलीस स्टेशनात पंचेचाळीस मिनिटं बसवून खिडकीतल्या साहेबाने विचारलं, "जॅकेट मिळालं ना?" मिळालं. "मग गुन्हा काय? हा दिवाणी मामला." मी झिप कोडचं सांगायला लागलो, तर तो माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता ती मी विसरणार नाही. विकणारा ओहायोत, म्हणून ओहायोला फोन करा. ओहायोवाले म्हणाले, तक्रार तुमच्या गावात करा. ग्राहकांच्या सरकारी खात्याने कळवलं, की आम्ही दुकानदारांविरुद्धच्या तक्रारी घेतो, विकणारा खाजगी माणूस आहे. इंटरनेटवरच्या गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर दोन तास फॉर्म भरला. एक लांबलचक नंबर मिळाला. पाच महिने झाले, नंबर अजून माझ्याकडेच आहे. प्रत्येक जण अगदी गोड बोलतो, "हॅव अ ग्रेट डे" म्हणतो आणि पुढच्या खिडकीकडे बोट दाखवतो. आपल्याकडे निदान कारकून वसकन अंगावर येतो, म्हणजे काम होणार नाही हे पहिल्या मिनिटात कळतं.

क्रेडिट कार्डाने दिले असते तर साठ दिवसांत वाद घालता आला असता. कार्डाशिवाय एक सेंट देऊ नका, कमिशन आपल्या खिशातून भरा हवं तर. '१९४८' असं नुसतं म्हणणाऱ्याला विचारा, कशावरून.

विकणाऱ्याने एकदाच उत्तर दिलं: परत पाठवा, पैसे देतो. ३१.२० खर्चून पाठवलं. पत्ता भाड्याच्या टपालपेटीचा निघाला, पेटी बंद झालेली, पार्सल घरी परत. तेव्हा डोकं फिरलं आणि मी त्याला भलामोठा मेसेज लिहिला. तू चोर आहेस, आणि अडाणी चोर आहेस. १९४८ मध्ये झिप कोड नव्हते, तेव्हा 'नेवार्क ५' लिहायचे, एन आणि जे पुढे टिंबं द्यायचे. सगळं सविस्तर, तारखेसकट. त्याने मेसेज वाचला. उत्तर नाही.

तीन आठवड्यांनी नव्या नावाने नवी जाहिरात. तोच करडा गालिचा, त्यावर कोपऱ्यात तोच कॉफीचा डाग. जॅकेट १९४८ चं, आजोबा या वेळी नेब्रास्काचे. लेबलाचा फोटो आता अगदी स्वच्छ, शेवटची ओळ ठळक: 'नेवार्क ५, एन. जे.', दोन्ही टिंबांसकट. किंमत १२५०.