एमजीबीला ३.०७ चा क्राउन-पिनियन: महामार्गावर आराम, घाटात आणि जेटीवर कसरत

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरी झालेल्या टप्प्यांवर एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) चौथ्या गिअरमध्ये शंभरावर धरली, की इंजिन साधारण ३,४५० आरपीएमवर ओरडत राहतं. त्या आवाजाला कंटाळून लोक मागचा क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या अॅक्सलमधली दातेरी चाकांची जोडी, बदलायला निघतात आणि नजर थेट ३.०७ वर (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.०७ फेरे) जाते. हा संच १९७३ ते १९७६ मध्ये निघालेल्या एमजीबी जीटी व्ही-८ ला असायचा. साडेतीन लिटरचं रोव्हर इंजिन खालपासूनच भरपूर ओढतं, त्याच्यामागे ३.०७ शोभतो. १,८०० सीसीच्या चार सिलिंडर गाडीला मात्र कोकणात हा संच बसवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हिशोब १६५/८० आर १४ टायरवर मांडू. मूळ ३.९०९ (४३ दात भागिले ११) असताना टॉप गिअरमध्ये दर हजार आरपीएमला गाडी २९ किमी वेग देते, ३.०७ वर जवळजवळ ३७. म्हणजे शंभरला इंजिन २,७१० वर उतरतं. कागदावर फार छान. पण अंबा किंवा कुंभार्ली घाटात चाळीसच्या वेगाने दुसऱ्या गिअरमध्ये चढताना मूळ रेशोवर इंजिन ३,००० ला असतं आणि या इंजिनाचा कमाल टॉर्क नेमका तिथेच आहे. ३.०७ वर तोच वेग २,३५० ला येतो. पुढे ट्रक आडवा आला आणि वेग पंचवीसवर घसरला, की दुसरा गिअर दम सोडतो. पहिला घालावा तर तो वळणावर झटका देतो.

खरी परीक्षा घाटापेक्षा जेटीवर. दाभोळ-धोपावे असो की वेसवी-बागमांडले, फेरीबोटीच्या ओल्या, शेवाळलेल्या उतारावर गाडी मुंगीच्या पावलाने न्यावी लागते, आणि कितीदा तरी उलटी. ९०० आरपीएमच्या आयडलवर मूळ रेशोची गाडी पहिल्यात साडेसात किमीने सरकते, ३.०७ ची जवळजवळ दहाने. फोर-सिंक्रो (पुढच्या चारही गिअरना सिंक्रो असलेल्या) गिअरबॉक्सचा रिव्हर्स ३.०९, म्हणजे पहिल्याच्या ३.४४ पेक्षाही लांब. तिथे वेग अकराच्या घरात जातो. मग क्लच अर्धा दाबूनच सगळं काम करायचं. क्लचप्लेटचा वास जेटीवरच येतो आणि दोन-तीन पर्यटन हंगामांत प्लेट बदलायची वेळ येते.

मधले पर्याय दोन. ३.७ वर शंभरला जेमतेम १९० आरपीएम कमी होतात, तेवढ्यासाठी अॅक्सल उघडण्यात अर्थ नाही. एमजीसीचा (एमजीबीच्या सहा सिलिंडर बहिणीचा) ३.३१ जरा बरा. कॅम, हेड आणि कार्बुरेटरचं काम झालेलं चांगल्या ओढीचं इंजिन असेल आणि गाडी बहुतेक महामार्गावरच राहणार असेल, तर तो विचारात घ्यावा.

चार सिलिंडर गाडीसाठी सरळ उपाय गिअरबॉक्समध्ये आहे. ३.९०९ तसाच ठेवून चालू स्थितीतला लेकॉक ओव्हरड्राइव्ह (टॉप गिअरवर आणखी एक लांब पायरी देणारं युनिट) किंवा फोर्ड टाइप-९ चा पाच गिअरचा बॉक्स बसवा. दोन्हींत शेवटची पायरी साधारण ०.८२, म्हणजे शंभरला सुमारे २,८३० आरपीएम. ३.०७ च्या सुखाला हे जवळजवळ पोचतं, आणि घाटातला दुसरा गिअर जागच्या जागी राहतो. ओव्हरड्राइव्ह असलेल्या गाडीला वर ३.०७ लावणं ही सरळ चूक: ऐंशीला इंजिन १,८०० च्याही खाली जातं आणि साध्या चढालाही ओव्हरड्राइव्ह काढावा लागतो.

व्ही-८ बसवलेल्या गाडीसाठी मात्र हा संच मनापासून सुचवतो. संच घेताना आधी कॅरियर, म्हणजे क्राउन ज्यावर बसतो तो डिफरन्शियलचा भाग, विचारा. रेशो लांब झाला की पिनियन जाड होतो, म्हणून क्राउन त्याच्यापासून लांब बसवावा लागतो. त्यासाठीच ३.०७ ला व्ही-८ चा वेगळा कॅरियर लागतो. नुसता क्राउन-पिनियन स्वस्तात घेतला तर तो मूळ कॅरियरवर जुळत नाही. क्राउन आणि पिनियनवर कोरलेला जोडीचा आकडा एकच आहे ना, तेही पाहा. वेगवेगळ्या संचांतली जोडी कितीही शिमा (पातळ चकत्या) घातल्या तरी गातेच, म्हणजे गुणगुण आवाज करतेच.

जुना अॅक्सल विकत घेत असाल तर विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. गिअर न्यूट्रल, एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा. प्रोपेलर शाफ्ट चार फेऱ्यांना जरासा कमी फिरला तर ३.९, तीनहून किंचित जास्त फिरला तर ३.०७.

बसवण्याचं काम साध्या गॅरेजचं नाही. ट्यूब अॅक्सलमध्ये (मधल्या केसिंगला दोन्हीकडे नळ्या असलेल्या) केसिंग किंचित ताणणारं हत्यार लागतं. पहारीने उचकटून बेअरिंग काढणाऱ्याला गाडी देऊ नका. पिनियनचा चुरगळणारा स्पेसर दर वेळी नवा. नट जास्त आवळला गेला तर मागे फिरवून प्रीलोड (बेअरिंगवरचा ठरावीक ताण) परत येत नाही, नवा स्पेसर घालून पुन्हा सुरुवात करावी लागते. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) क्राउनवर कोरलेल्या मापानेच ठेवावा, डायल गेजने निदान चार जागी मोजून. शेवटी दातांना मार्किंग रंग लावून ठसा बघा: तो दाताच्या मुळाशी आला तर पिनियन फार आत आहे, टोकाशी आला तर फार बाहेर. ठसा न दाखवता गाडी परत देणाऱ्याचं काम अर्धवट समजा.

तेल हायपॉइड ९० गिअर ऑइल, ट्यूब अॅक्सलला ०.८५ लिटर. पहिले काही शे किलोमीटर पूर्ण अॅक्सिलरेटर नको, एकाच वेगाने लांब पल्लाही नको. मग तेल बदला. मधल्या काळात घाट टाळता आला तर उत्तम, कारण नव्या दातांना भार आणि उष्णता एकदम सोसत नाही.

आपल्याकडे अॅक्सलचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर-आत करणारं छिद्र, विसरून चालत नाही. जांभ्याची लाल माती तिथे बसून घट्ट होते. ब्रीदर बुजला की आतला दाब ऑइल सीलमधून तेल बाहेर ढकलतो आणि ते थेट मागच्या ब्रेकच्या लायनिंगवर जातं. उलट, तापलेला अॅक्सल पावसाळ्यात पाण्यात बुडाला तर आतली हवा आकसते आणि पाणी ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं की त्याच दिवशी बदलायचं. पावसाळ्याआधी ब्रीदर काढून डिझेलने धुवा, वर रबरी नळी जोडून ती बूटच्या उंचीपर्यंत न्या.

स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो, त्यामुळे रेशो बदलला की तो कमी दाखवतो. डायलवर छापलेला १२८० (दर मैलाला केबलचे फेरे) हा आकडा ३.०७ साठी १००० चा हवा. जाणकार मीटरवाला तसं करून देतो. तोवर काट्यावर ६३ दिसले की गाडी ८० ला आहे.