ओपन कॉस्टिंग कोणाला द्यावं? टोयोटा आणि जीएम शेजारी-शेजारी

मोठ्या कस्टमरची माणसं शॉपफ्लोअरवर येतात, सायकल टाइम (एक पार्ट बनायला लागणारा वेळ) मोजतात आणि जाताना ‘ओपन कॉस्टिंग’, म्हणजे पार्टच्या खर्चाचा बाबवार उघडा हिशोब, मागतात. भोसरी-चाकणच्या व्हेंडरला, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्याला, हे नवं नाही. द्यायचं का, हे ठरवण्याआधी नव्वदच्या दशकातल्या अमेरिकेत दोन कंपन्या काय करत होत्या ते पाहा. व्हेंडर दोघींपुढे लहानच होता.

१९९२ मध्ये जीएमचा (जनरल मोटर्सचा) खरेदी विभाग होसे इग्नासिओ लोपेस यांच्या हाती आला. झालेले करार मोडून पुन्हा कोटेशनं मागवली गेली. जीएमची पथकं ‘पिकोस’ कार्यशाळा घ्यायला कारखान्यात यायची, खर्च कुठे वाचेल ते दाखवायची. सल्ल्यात खोट नव्हती, पण बचत दिसली की रेट कमी करा म्हणून तगादा. आपली ड्रॉइंग्ज प्रतिस्पर्ध्याला दाखवली जातात, अशी तक्रारही व्हेंडर करत. मग कोण कशाला नवी युक्ती सांगेल? (पुढच्याच वर्षी लोपेस फोक्सवॅगनला गेले आणि गोपनीय कागद नेल्याचा आरोप त्यांच्यावर खुद्द जीएमने केला!)

टोयोटाही रेट कमी करून मागतेच, ती काही धर्मादाय संस्था नव्हे. पण तिथे आधी शिकवणं, रेटचं नंतर. तिचे तज्ज्ञ व्हेंडरकडे फुकट यायचे आणि सुरुवातीची बचत व्हेंडरकडेच राहायची. अट एकच: दुसऱ्याचं बघून शिकायचं, तर आपला कारखानाही इतर व्हेंडरना दाखवायचा. जपानमध्ये या सवयीचा कस लागला तो फेब्रुवारी १९९७ मध्ये. टोयोटाचा व्हेंडर असलेल्या आयसिनच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली, ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह मिळेना आणि टोयोटाच्या लाइन थांबल्या. आयसिनने ड्रॉइंग्ज वाटली, इतर व्हेंडरनी रेट न ठरवताच ते व्हॉल्व्ह बनवायला घेतले आणि आठवडाभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या.

माझं मत: कस्टमर मोठा आहे म्हणून घाबरू नका, पण निम्म्याहून जास्त धंदा त्याच्याकडून असेल तर हात आखडता ठेवा. मटेरियल आणि स्क्रॅपचे आकडे द्या, ते त्याला तसेही कळतात. फिक्श्चरची (जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनाची) रचना आणि टूल लाइफ (एक टूल किती टिकतं ते) मात्र बचतीची वाटणी लेखी ठरल्याशिवाय दाखवू नका. आणि त्याच्या दोन जुन्या व्हेंडरना आधी फोन करून विचारा, मागच्या सुधारणेतले पैसे शेवटी कोणाच्या खिशात गेले?