आठ महिने ऑनलाइन इतिहास वाचल्यानंतर

'भाकरी नसेल तर केक खा' असं फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत म्हणाली, हे मी वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगत होतो. कुणीतरी विचारलं, "कुठे लिहिलंय?" शोधायला बसलो. किस्सा विचारवंत रूसोच्या आत्मचरित्रात आहे, पण तिथे फक्त 'एक थोर राजकन्या' आहे, नाव नाही. केकही नाही, ब्रिओश म्हणजे लोणी-अंड्यांचा पाव आहे. शिवाय तो मजकूर १७६० च्या दशकातला. मारी आंत्वानेत लग्न होऊन फ्रान्सला आली १७७० साली! तेव्हापासून मूळ संदर्भ शोधायची खोड लागली ती लागलीच.

सर्वांत जास्त वापरलं ते इंटरनेट आर्काइव्ह, म्हणजे स्कॅन केलेली पुस्तकं फुकट देणारं संकेतस्थळ. मात्र असं फुकट मिळणारं पुस्तक बहुधा प्रताधिकार संपलेलं, म्हणजे जुनं असतं. मी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची मतं ताजी समजून वाचत होतो. आता आधी छपाईचं साल बघतो. आणखी एक गंमत: अठराव्या शतकातल्या इंग्रजी छपाईत 'एफ'सारखा दिसणारा लांब 'एस' असायचा, तो संगणक 'एफ' वाचतो. त्यामुळे शब्द पानावर समोर दिसतो, पण शोधपेटीत टाकला तर सापडत नाही. यात माझे दोन आठवडे गेले.

जेस्टोर या संशोधन लेखांच्या संकेतस्थळावर मोफत खातं उघडलं की महिन्याला १०० लेख वाचता येतात. तिथे मी लेखांआधी पुस्तक परीक्षणं वाचतो. दोन-तीन पानांत कळतं, की दुसऱ्या इतिहासकाराला कुठला पुरावा कच्चा वाटला. जाड ग्रंथ हातात घ्यायचा की नाही, हे बऱ्याचदा तिथेच ठरतं.

मूळ कागदपत्रांसाठी फोर्डहॅम विद्यापीठाची सोर्सबुक्स, म्हणजे ऑनलाइन संग्रह, उत्तम. दिसायला अगदी साधी, पण तह, पत्रं, फर्मानं थेट वाचायला मिळतात.

विकिपीडियाला नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा लेखामागचं चर्चापान उघडावं. खरी भांडणं तिथे असतात! तळटीप मात्र उघडून बघायचीच. मी पकडलेल्या एका तळटीपेतला लेख विकिपीडियावरूनच उतरवलेला निघाला.

तारखा जुळल्या नाहीत म्हणून एक चांगलं संकेतस्थळ मी उगाच बाद केलं होतं. रशियन क्रांती २५ ऑक्टोबर १९१७ की ७ नोव्हेंबर? दोन्ही बरोबर, पहिली तारीख जुन्या कॅलेंडरची, दुसरी नव्या; रशियाने नवं कॅलेंडर १९१८ मध्ये घेतलं.

व्हिडिओ जेवताना ठीक. चॅटबॉटचं सांगायचं तर एकाने मला लेखक, साल, पान क्रमांकासकट संदर्भ दिला. वर्ल्डकॅट या ग्रंथालयांच्या सूचीत शोधलं, तर त्या नावाचं पुस्तकच नाही. आता त्याच्याकडून फक्त शोधायला नवे शब्द मागतो, त्यात तो हुशार आहे.

हस्तलिखित पत्रांच्या स्कॅनपुढे मात्र आठ महिन्यांनंतरही मी अडाणीच. परवा एका पानाला अख्खी संध्याकाळ गेली, आणि सहीतलं नाव अजून लागलेलं नाही.