ट्रॅकवरचे रबर, गाडीचा रंग आणि टार रिमूव्हर: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीपासून मी गाडीच्या रंगावरचे रबराचे डाग काढण्यासाठी टार रिमूव्हर वापरत आहे. हे द्रावण रस्त्यावरचे डांबर काढण्यासाठी म्हणून विकले जात असले, तरी रेसिंग ट्रॅकवर टायरमधून सुटलेल्या रबरावरही ते चांगले चालते. अट एकच: घासण्याचा मोह आवरून त्याला काही मिनिटे मुरू द्यावे लागते. ज्यांना ते जमत नाही, त्यांनी पैसे वाया घालवू नयेत.

ट्रॅकवर टायर तापून मऊ होतो आणि वळणावर त्याचे बारीक तुकडे सुटतात. ड्रायव्हर मंडळी त्यांना मार्बल्स म्हणतात. आपल्याच चाकाने उडवलेले हे चिकट तुकडे वेगाने पत्र्यावर आदळून चपटे होतात. माझी पांढरी हॅचबॅक फ्रंट-व्हील ड्राइव्ह असल्याने वळवणे, ओढणे आणि बरेचसे ब्रेकिंग पुढच्याच टायरांवर येते. त्यामुळे सर्वांत दाट डाग पुढच्या फेंडरच्या मागच्या कडेला, दाराच्या खालच्या भागात आणि साइड स्कर्टवर, म्हणजे दाराखालच्या लांब पट्टीवर, असतात. कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवरून, म्हणजे २.१ किलोमीटरच्या वळणावळणाच्या ट्रॅकवरून, गाडी चालवतच नेरूळला परतायचे तर बाराशेच्या आसपास किलोमीटर होतात. ट्रॅकवर नखाने निघेल असे रबर तोवर उन्हात भाजून, वर महामार्गाची धूळ आणि किडे घेऊन घट्ट बसलेले असते.

टायरचे रबर गंधकाने व्हल्कनाइझ केलेले असल्यामुळे ते कोणत्याही घरगुती द्रावणात विरघळत नाही. टार रिमूव्हरमधले हायड्रोकार्बन द्रावण शोषून ते फुगते आणि रंगावरची त्याची पकड सैल होते. फुगायला वेळ लागतो, म्हणून जोर लावून उपयोग नसतो. उलट त्या रबरात रस्त्यावरची कचही अडकलेली असते आणि घासताना तीच क्लिअर कोटवर फिरते. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हा पारदर्शक थर साधारण ४० मायक्रॉनचा असतो आणि एकदा गेलेला थर परत येत नाही. वाशीतल्या एका डिटेलिंगवाल्याने पहिल्याच दिवशी मशीनने रबिंग कंपाउंड, म्हणजे रंगाचा वरचा थर घासणारी पेस्ट, मारण्याचा सल्ला दिला होता, तो मी याच कारणासाठी नाकारला.

आता ठरलेली पद्धत सांगतो. सकाळी ऊन यायच्या आत, पत्रा हाताला थंड लागत असताना, गाडी शाम्पूने धुऊन पूर्ण कोरडी करावी. टार रिमूव्हर थेट फवारण्यापेक्षा मायक्रोफायबर कापडाची घडी त्यात भिजवून डागावर दाबून ठेवावी, कारण उभ्या पत्र्यावरून ते लगेच ओघळते. तीन-चार मिनिटांनी डागाच्या कडा उचललेल्या दिसतात आणि कापडावर तपकिरी-काळा रंग उतरतो. तेव्हा हलक्या हाताने एकाच दिशेने पुसले की तुकडा सालीसारखा सुटतो. न सुटल्यास पुन्हा भिजवावे, आणि कापडाची बाजू प्रत्येक वेळी बदलावी. द्रावण पत्र्यावर वाळू देऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ते मिनिटभरातच उडते. शेवटी पुन्हा शाम्पू. आमच्याकडे मोरबे धरणाचे पाणी असते तोवर चिंता नसते, पण सोसायटीत टँकरचे बोअरवेलचे पाणी आले की गाडी लगेच पुसावी लागते, नाहीतर रबर गेले आणि क्षाराचे पांढरे ठिपके आले, अशी गत होते.

घरातले पर्यायही चालतात. रॉकेल आणि रंगाच्या दुकानातले टर्पेंटाइन रबराला फुगवतात, पण हळू, आणि रॉकेलाचा तेलकट थर काढायला दोनदा धुवावे लागते. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली धातूवरील पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झाले. ताज्या, विरळ डागांना ते पुरेसे आहे आणि बहुतेकांच्या घरी असतेच. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा रबरावर फारसा परिणाम होत नाही. पेट्रोल मात्र कुणीही सुचवले तरी बंदिस्त पार्किंगमध्ये वापरू नये, कारण त्याची वाफ अगदी थंडीतही पेट घेऊ शकते. गॅरेजमधला रंग पातळ करायचा एनसी थिनर दुरुस्तीनंतर नव्याने रंगवलेल्या भागाला मऊ करतो, म्हणून तोही नको. क्ले बारचे, म्हणजे पत्र्याला चिकटलेली कच उचलणाऱ्या मऊ वडीचे, काम सर्वांत शेवटी, उरलेल्या खरखरीपुरते. हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून पत्र्यावरून फिरवली की ही खरखर बोटांना स्पष्ट जाणवते. जाड रबरावर थेट क्ले फिरवली तर ती काळी पडून फुकट जाते.

जिथे हे द्रावण हरते तेही सांगायला हवे. रबर निघून गेल्यावर पांढऱ्या रंगावर काही ठिकाणी पिवळसर कडा राहते. टायरमधली तेले आणि ओझोनपासून रबराचे रक्षण करणारी रसायने क्लिअर कोटमध्ये झिरपल्याने ती येते आणि टार रिमूव्हरने तसूभरही हलत नाही. तेवढ्यापुरते हाताने बारीक पॉलिश करावे लागते. डाग जितके दिवस राहतात तितकी ही कडा गडद होते, असे माझे निरीक्षण आहे. आता निघण्यापूर्वी साइड स्कर्टवर आणि फेंडरच्या कडेला रंगाऱ्याची मास्किंग टेप लावतो आणि परतीच्या प्रवासापूर्वी ती काढतो, नाहीतर उन्हाने तिचा गोंद चिकटून नवे काम निघते. द्रावणाने वॅक्सही निघून जाते, त्यामुळे धुतल्यावर नवा हात द्यावा लागतो. पॉलिकार्बोनेटच्या हेडलॅम्पवर, रंग नसलेल्या काळ्या प्लॅस्टिकवर आणि पीपीएफच्या, म्हणजे रंगावर चिकटवलेल्या संरक्षक पारदर्शक फिल्मच्या, कडांवर मी ते लावत नाही.

अर्ध्या लिटरची बाटली एवढ्या महिन्यांत अजून संपलेली नाही, त्यामुळे किमतीबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती स्प्रे पंपाची. त्याच्या आतला रबरी वायसर याच द्रावणाने फुगला आणि पंप अडकला. उरलेले द्रावण मी फिरकीच्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ओतून ठेवले आहे आणि त्यावर ठळक अक्षरांत नाव लिहिले आहे. कापडावरच ओतून वापरायचे असल्याने पंपाची उणीव भासत नाही. पुढची खरेदी मी साध्या झाकणाच्या कॅनचीच करणार आहे.